कार्पेटवरचा सेंटर हाफ

"याचं काही झालं नाही वाटतं," असं तो अगदी सहज म्हणाला आणि फोन खिशात टाकला. जानेवारीतली संध्याकाळ, बाहेर पार्किंगमध्ये बर्फाचा चिखल, आणि आम्ही सगळे आईबाप त्या पत्र्याच्या अवाढव्य शेडमध्ये काचेला नाक लावून पोरांची इनडोअर सॉकरची प्रॅक्टिस बघत बसलेलो. इकडे अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या बाजूला, म्हणजे आमच्या ओव्हरलँड पार्कात, थंडी पडली की पोरांना कुठंतरी आत कोंडून दमवणं एवढा एकच कार्यक्रम उरतो. तर शेजारचा हा मित्र, पुण्याचा, माणूस चांगलाय, पण हॉटेल असो नाहीतर डेंटिस्ट, आधी रेटिंग बघणार. त्यानं बसल्या बसल्या नव्या कोचचं नाव शोधलं. सापडलं. मिडफिल्डर. खाली क्लबांची यादी, एक सीझन इथं, दोन तिथं, मध्येच वर्षभर काहीच नाही, निम्मे क्लब आता बंद, ज्या लीगमध्ये खेळला त्यातल्या काही लीगसुद्धा बंद. पाच सेकंदांत वरपासून खालपर्यंत स्क्रोल झालं आणि निकाल लागला. मी नुसतं "हं" केलं. पण ते वाक्य नंतर किती दिवस डोक्यातनं जाईना. (यादीतली नावं इथं लिहीत नाही, उगाच कुणीतरी त्या बिचाऱ्याला शोधत बसेल.)

कारण तो फोन बघत होता तेव्हा मी कोचकडे बघत होतो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, उजव्या गुडघ्यावर ऑपरेशनची उभी खूण, चालताना तो पाय जरा ओढत चालतो. कोपरापासून मनगटापर्यंत बाहेरच्या बाजूची कातडी वेगळीच, गुळगुळीत, चकाकणारी, केसच नाहीत तिथं. मला आधी वाटलं भाजलंय. तर त्यानं एका पोराला समोर उभं केलं, बॉल पायाच्या बाहेरच्या बाजूनं नुसता टिचकी मारल्यासारखा शेजारच्या भिंतीवर मारला, स्वतः पोराच्या दुसऱ्या बाजूनं चार पावलं गेला, आणि बॉल भिंतीवरनं परत येऊन बरोबर त्याच्या पायात. बघितलं पण नाही बॉलकडे. पोरं ओरडली. मग पोरांनी करून बघितलं तर बॉल कुणाच्या डोक्यावरनं जातोय, कुणाच्या मागं राहतोय. तेव्हा तो लंगडत भिंतीपाशी गेला, लाकडी फळीवर जिथं बॉलचे काळे डाग पडलेले असतात तिथं दोन बोटं टेकवली, म्हणाला इथं नाही, आणि वीतभर खाली बोटं सरकवली, इथं. एवढंच. पुढच्या वेळी माझ्या पोराचा बॉल परत आला, पायात नाही आला, पण आसपास आला. वीतभराचा फरक ज्याला बोटानं दाखवता येतो त्यानं तो किती वेळा मोजला असेल!

इनडोअर सॉकर म्हणजे आपल्याकडच्या टर्फवरचं फाइव्ह-अ-साइड नव्हे, हे मलाही इथं आल्यावरच कळलं. हा खेळ आइस हॉकीच्या रिंकमध्ये बसवलेला आहे. साधारण 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद, कोपरे गोल, चारी बाजूंनी फळ्या आणि वर काच, बॉल बाहेर जायची भानगडच फारशी नाही. गोलकीपर धरून सहा जण. 15 मिनिटांचे चार क्वार्टर. बदली खेळाडू खेळ न थांबवता बेंचचं दार उघडून आत-बाहेर करत राहतात, आणि फाउल जास्त झाला की निळं कार्ड, दोन मिनिटं बाजूच्या खोक्यात बसून राहायचं, तेवढा वेळ तुमची टीम एक माणूस कमी. ज्या रिंगणात बर्फ असतो तिथं बर्फावर फळ्या टाकून वर हिरवं कार्पेट अंथरतात, म्हणजे खालनं गार, वरनं घाम. आणि त्या कार्पेटवर घसरलात की कातडीच जाते. कोचच्या हाताचं कोडं असं सुटलं. मिडफिल्डरला तर घसरावंच लागतं, कारण समोरचा शॉट मारायला लागला की आडवं पडून अंगावर घ्यायचा हे त्याचंच काम, आणि पडल्या पडल्या उठून पुढं धावायचं हेही त्याचंच. गोल करणाऱ्याचं नाव लाउडस्पीकरवर लांबलचक ओढून घेतात. आडवं पडणाऱ्याचं घेत नाहीत.

या गावाला एकेकाळी याचं भलतंच वेड होतं. सुरुवात म्हणाल तर 1974 च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियात सोव्हिएत आर्मीची टीम आली, तिथल्या ॲटम्सशी छपराखाली मॅच झाली, पाहुण्यांनी 6-3 अशी जिंकली, पण बघायला अकरा हजारांवर माणसं आली आणि तिथं बसलेल्या एका माणसाच्या डोक्यात धंद्याचं गणित सुरू झालं. 1978 च्या डिसेंबरात मेजर इनडोअर सॉकर लीग चालू झाली. अंधार, धूर, लेझर, कर्कश गाणी, आणि त्या धुरातनं पळत येणारे खेळाडू, त्यातले कितीतरी युगोस्लाव्हियाचे, इंग्लंडचे, ब्राझीलचे. 1981 मध्ये कॉमेट्स नावाची टीम कॅन्सस सिटीत आली आणि केम्पर अरीनात मॅचला पंधरा-पंधरा हजार लोक यायला लागले. त्याच अरीनात बास्केटबॉलची किंग्ज टीम होती, एनबीएची, तिला एवढी गर्दी होत नव्हती. 1985 मध्ये किंग्ज गाशा गुंडाळून सॅक्रामेंटोला गेले. माझ्या ऑफिसातला एक पिकल्या केसांचा सहकारी हे अजून असं सांगतो की जणू स्वतः ट्रकमध्ये सामान भरून दिलंय.

मग 1988 च्या एका उन्हाळ्यात शिकागो, क्लीव्हलँड, मिनेसोटा आणि सेंट लुइस, चार गावांच्या टीम बंद.

1991 मध्ये कॉमेट्स गेले, 1992 मध्ये अख्खी लीगच गेली. खेळाडूच्या बाजूनं जरा विचार करून बघा. तुमचा गुडघा ठीक आहे, तुमचा फॉर्म ठीक आहे, मागच्या सीझनपेक्षा जरा बराच खेळताय, आणि एका दुपारी फोन येतो की आता लीग नाही. नोकरी गेली नाही, नोकरीचा अख्खा प्रकारच गेला. मग जे उरलं ते धरायचं. दुसरी एक लीग होती, छोट्या गावांची, तिचे नियम वेगळे, तिथं साध्या गोलला दोन पॉइंट, लांबून मारला तर तीन, म्हणजे मॅच 19-14 वगैरे सुटायची. कॉमेट्स गेल्या गेल्या त्या लीगमधली अटॅक नावाची टीम अटलांटाहून उचलून इथं आणून बसवली. तेच गाव, शर्ट दुसरा, गर्दी कमी, आणि 1993 आणि 1997 मध्ये ते चॅम्पियन पण झाले, पण आता ते फारसं कुणाला आठवत नाही. पुढं 2001 मध्ये त्याच टीमला परत कॉमेट्स नाव दिलं, आणि 2005 मध्ये तीही बंद. अशा ठिकाणी दहा-बारा वर्षं काढलेल्या माणसाची यादी स्क्रोल करताना ठिगळासारखीच दिसणार. शिवाय इनडोअरच्या मॅचेस फुटबॉलच्या नेहमीच्या आकडेवारीत धरतच नाहीत बहुतेक ठिकाणी, म्हणून ती मधली वर्षं मोकळी. मोकळी म्हणजे काय, तेव्हा तो तिकडं कार्पेटवर कातडी सोलून घेत होता.

मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "पण जो खरा चांगला असतो तो वर जातोच की, प्रेकी गेला ना!" आता इथं त्यानं मला बरोबर पकडलं, कारण प्रेकी या गावचा लाडका. पूर्ण नाव प्रेद्राग रादोसावल्येविच, बेलग्रेडचा, 1963 चा जन्म. मी इथं आलो तेव्हा त्याचा खेळ संपला होता, पण व्हिडिओ बघितलेत भरपूर. डावखुरा मिडफिल्डर. उजवीकडं जातोय असं दाखवायचं आणि चेंडू डाव्या पायावर कापून घ्यायचा, ही एकच चाल, सगळ्या लीगला माहिती, कोचांनी फळ्यावर काढून दाखवलेली, तरी समोरचा माणूस जायचाच तिकडं. 1997 मध्ये इथल्याच टीमकडून खेळताना मेजर लीग सॉकरचा, म्हणजे मोठ्या आउटडोअर लीगचा, सगळ्यात मोलाचा खेळाडू, आणि परत 2003 मध्ये, चाळिसाव्या वर्षी, 12 गोल आणि 17 असिस्ट. मधे 1998 च्या फेब्रुवारीत गोल्ड कपच्या सेमीफायनलला ब्राझीलविरुद्ध अमेरिका 1-0 नं जिंकली तो गोल याचाच. एवढं सगळं खरं.

पण ती चाल तो शिकला कुठं, हे कुणी विचारत नाही. 1985 मध्ये, बावीस वर्षांचा असताना, तो बेलग्रेडचा रेड स्टार क्लब सोडून थेट टकोमाच्या इनडोअर टीममध्ये आला. पाच वर्षं टकोमा, मग दोन वर्षं सेंट लुइसच्या नव्या टीममध्ये. 1989 मध्ये त्या लीगचा पहिल्या नंबरचा खेळाडू. 1987 च्या जूनमध्ये टकोमा डोममध्ये फायनलची सातवी मॅच, 21,728 लोक, डॅलसविरुद्ध, ओव्हरटाइममध्ये 4-3 नं हरले. म्हणजे बावीस ते एकोणतीस, फुटबॉलरची सोन्यासारखी वर्षं, याची फळ्यांच्या आत गेली. तिथं जागाच नसते, चेंडू आला की पुढच्या श्वासात माणूस अंगावर, मग पाऊलभर जागा स्वतः कापून काढावी लागते. हजारो वेळा कापली असणार. 1992 मध्ये लीग बुडाली म्हणून तो इंग्लंडात एव्हर्टन क्लबला गेला, लीग टिकली असती तर गेला असता का, कुणास ठाऊक. आणि मुख्य म्हणजे 1996 मध्ये अमेरिकेत नवी मोठी लीग सुरू झाली तेव्हा हा बत्तीस वर्षांचा होता आणि पाय शाबूत होते. ज्यांचे पाय तेव्हा शाबूत नव्हते, किंवा जे अडतीसचे होते, किंवा जे प्रेकीपेक्षा अर्धा पाऊल हळू होते, त्यांचं काय? अर्धा पाऊल हळू म्हणजे वाईट नव्हे हो! रोज त्याच माणसासमोर उभं राहून त्याला अडवणारेही कुणीतरी होतेच की.

आमचा कोच अडवणाऱ्यांपैकी. हे मला त्याच्याच तोंडून कळलं. एकदा पोराचं जॅकेट हरवलं म्हणून आम्ही मागं थांबलो तेव्हा गप्पा झाल्या. म्हणाला मी जरा उशिरा पोचलो, मोठ्या पैशांची पंगत उठून गेली होती, आम्हाला उरलंसुरलं. हिवाळ्यात इनडोअर, उन्हाळ्यात जी कुठली खालच्या डिव्हिजनची आउटडोअर टीम घेईल ती, मधल्या महिन्यांत लोकांची घरं रंगवली, पोरांचे कॅम्प घेतले. दोन्हीकडं खेळण्यात पायांची पार वाट लागायची, कारण इनडोअरला मिनिट-दीड मिनिट जीव खाऊन धावायचं आणि बाहेर येऊन बसायचं, आणि आउटडोअरला नव्वद मिनिटं पुरवून पुरवून वापरायचे पाय. एप्रिलमध्ये बाहेर गेलं की पहिले काही आठवडे विसाव्या मिनिटालाच बेंचकडं नजर जायची, दार कुठंय म्हणून. हे सांगताना तो स्वतःच खो खो हसला. तक्रारीचा सूर मला तरी ऐकू आला नाही, एका बाबतीत सोडून, या शेडमधल्या फळ्या हलक्या आहेत, बॉल मरतो, यावर मात्र तो दहा मिनिटं बोलला.

मला सारखा आठवत होता तो आमच्या गल्लीतला सेंटर हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू. मी कोल्हापूरचा, हे सांगायचं राहिलंच. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे तालमीचा, पेठेचा, आणि शाहू स्टेडियमच्या तापलेल्या सिमेंटच्या पायऱ्यांचा. हा दादा उद्यमनगरात लेथवर कामाला, मॅच असली की शिफ्ट बदलून घ्यायचा, मालकही त्याच पेठेचा असल्यामुळं मालक स्वतः दुकान बंद करून गॅलरीत. केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगबाहेर तो कधी खेळला नाही, एकदा मुंबईला ट्रायल देऊन आला, तिकडचं जेवण आवडलं नाही म्हणाला. पण पेठेतनं चालताना लोक दुकानातनं हाक मारायचे, चहाचे पैसे कुणी घेत नव्हतं, आणि पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी मंडळ असल्या मॅचच्या आदल्या रात्री त्याच्या घोट्याला सूज आहे का नाही यावर मोठी माणसं भांडायची. याचं काही झालं नाही असं म्हणायची कुणाची टाप होती? आमच्या नजरेत त्याच्या वर कुणी नव्हताच. वर काही आहे हेच दिसत नव्हतं. आता अनिकेत जाधव कोल्हापुरातनं निघून 2017 चा अंडर-17 वर्ल्ड कप खेळून आला, तेव्हापासून पोरांना शिडी दिसते, चांगलंच आहे. पण शिडी दिसली की खालच्या पायरीवर उभा असलेला माणूसही खालचाच दिसायला लागतो, आणि माझं डोकं तिथं अडतं.

आणि लगेच मला वहिनी आठवतात, त्याची बायको. शोकेसमधले कप पुसता पुसता एकदा आईला म्हणाल्या होत्या, "याच्यात भात शिजत न्हाई, काकू." म्हणजे चहा फुकट होता हे खरं, पण गॅस फुकट नव्हता. त्यामुळं मी मित्राला हिरीरीनं उत्तर देणार असलो तरी नेमकं काय देणार? मी स्वतः पोराला इथं घालतो ते दमावा म्हणून, करिअर कर म्हणून नव्हे. सीझनच्या शेवटी फी भरताना मनातल्या मनात कोचला यातले किती मिळत असतील याचा हिशेब मीही करतोच. मित्रानं तर मार्चमध्ये आपल्या मुलासाठी त्याच कोचची प्रायव्हेट शिकवणी लावली, तासाचा रेट ऐकून चेहरा पडला होता, पण लावली.

मागच्या महिन्यात पोराला घेऊन इंडिपेंडन्सला कॉमेट्सची मॅच बघायला गेलो. हो, परत कॉमेट्स, 2010 मध्ये परत काढली टीम, इथले लोक ऐकत नाहीत. आधीच्या कॉमेट्समधलाच एक, व्लात्को आंदोनोव्स्की, स्कोप्येहून इनडोअर खेळायला आलेला डिफेंडर, या नव्या टीमचा कोच झाला आणि तिथनं पुढं चक्क अमेरिकेच्या बायकांच्या नॅशनल टीमचा. अरीना अर्धा भरलेला. पॉपकॉर्न, रबर आणि घामाचा एकत्र वास, आणि बॉल काचेवर आपटला की पहिल्या रांगेतले सगळे मागं सरकतात, दर वेळी, माहिती असून. मी मुद्दाम एकाच मिडफिल्डरवर नजर ठेवली. मिनिटभर धावला, दोन शॉट अंगावर घेतले, एक मांडीवर आणि एक सरळ पोटात, दारातनं आत येऊन बसला, टॉवेल तोंडावर घेतला, आणि टॉवेल काढायच्या आत परत त्याचा नंबर. मॅच संपल्यावर इथं प्रथा आहे, खेळाडू कार्पेटवरच थांबतात आणि पोरं सह्या घेतात. त्याच्यापुढं रांग छोटी होती. माझ्या पोरानं विचारलं दुखलं का पोटात, तर त्यानं शर्ट वर करून लाल वर्तुळच दाखवलं, बॉलच्या शिवणीसकट. परतीच्या वाटेवर पोरगं गोलांविषयी एक अक्षर बोललं नाही, सगळी चर्चा त्या वर्तुळाची.

मी त्या मॅचचा एक व्हिडिओ दादाला पाठवला. आता साठीला आलाय, लेथ बंद, व्हॉट्सॲप चालू. रविवारी सकाळी त्याचा फोन आला, मागं कुकरच्या शिट्ट्या. म्हणाला, "बघितलं. पण भिंतीला मारून पास घ्यायचा असेल तर हाफ कशाला पायजे रे, भिंतच घ्या की टीममध्ये." मी त्याला फळ्या, शिफ्ट, निळं कार्ड सगळं समजावून सांगितलं. ऐकून घेतलं. मग विचारलं, पगार? मी म्हटलं बऱ्याच जणांचा दुसरा जॉब असतो दिवसा, कोण शाळेत शिकवतो, कोण कोचिंग करतो.

"मग आमच्यासारखंच की लेका," दादा म्हणाला, "फक्त त्यास्नी एसी हाय."